एक्केचाळिसावी किल्ली

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचं तर त्यांची परवानगी लागेल, परवानगीसाठी अर्ज करावा लागेल, अर्ज हाताने लिहावा लागेल, आणि कारणाच्या जागी 'सहज' असं लिहिलेलं त्यांना चालत नाही. म्हणून आम्ही सगळे म्हणायचो तसं काकाच म्हणते. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात मराठी माणसं त्यांना काका म्हणत आणि गुजरातीही काकाच म्हणत, त्यामुळे तेवढा एक प्रश्न बिनअर्जाचा सुटला होता.

काका आमचे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. म्हणजे कारखान्यातल्या कुठल्या फोल्डरला कोणी हात लावायचा आणि कोणी नुसतं लांबून बघायचं, हे ठरवणारे. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा माझी मुलाखत त्यांनीच घेतली. माझी सर्टिफिकेटं त्यांनी न उघडता बाजूला ठेवली आणि विचारलं, "अहो बाई, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर तुम्ही फ्रिज उघडता का?"

"नाही."

"त्यांनी उघडा म्हटलं तर?"

"तरी नाही. त्यांनाच काढून द्या म्हणते."

"सोमवारपासून या," काका म्हणाले. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मला आईने लावलेली शिस्त नोकरी देऊन गेली, हे आईला सांगितलं तर तिने ते पुढे वर्षभर ऐकवलं.

सर्व्हर रूममध्ये जाताना काका दारावर टकटक करत. दोनदा. मग "येऊ का?" असं विचारून क्षणभर थांबत आणि मगच आत शिरत. ती खोली म्हणजे दहा बाय बाराचा थंडगार कोंडवाडा. आत चार काळ्या लोखंडी पेट्या, खूप वायरी आणि खिळ्यावर टांगलेला काकांचा बिनबाह्यांचा स्वेटर. माणूस औषधालाही नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं, आत असतं कोण? काका म्हणाले, "कोणी नसताना वाजवलं, की कोणी असताना विसरत नाही." मीही आता टकटक करते, आणि मला अजून त्याचा राग येतो.

त्या चार पेट्यांच्या पोटात साठ-एक कॉम्प्युटर नांदत. ते दिसत नाहीत, त्यांना वजन नाही, पण ते असतात आणि कामं करतात. गेटवरच्या वजनकाट्याचा एक, ड्रॉइंगांचा एक, हजेरीचा एक, असे. या साठ जणांचा कारभार बघणारा त्यांच्यातलाच एक सर्व्हर होता. कोणी कुठल्या पेटीत राहायचं, कोणाला किती जागा, कोण आजारी पडला तर त्याला दुसऱ्या पेटीत हलवायचं, हे सगळं तो बघे. काका त्याला दिवाणजी म्हणत. आजोबा बडोदे संस्थानच्या जामदारखान्यात, म्हणजे खजिन्यात, किल्ल्या सांभाळायला होते, तेव्हा कारभार बघणारा तो दिवाण, हे काकांच्या घरात ठरूनच गेलेलं होतं.

दिवाणजींना एम्प्लॉयी नंबर होता. यात माझा काही दोष नाही, हे सगळं मी येण्याआधीचं आहे. दिवाणजींना काही बिघडल्यास मेल पाठवता यावी म्हणून कंपनीचा मेल पत्ता हवा होता, आणि एचआरचा नियम असा की एम्प्लॉयी नंबर असल्याशिवाय मेल पत्ता नाही. दुसरा कोणी असता तर भांडला असता. काकांनी रीतसर अर्ज केला. नाव: दिवाणजी. जन्मतारीख: सर्व्हर बसवल्याची. विवाहित की अविवाहित: लागू नाही. एचआरने नंबर दिला. तेव्हापासून दर वर्षी दिवाणजींना वाढदिवसाच्या शुभेच्छांची मेल येई, दिवाळीला त्यांच्या नावाचा मिठाईचा डबा येई, आणि नवरात्राला गरब्याचा पास. पासावर फोटो लागतो म्हणून काकांनी वरून दुसऱ्या पेटीचा फोटो काढून चिकटवला होता. तो पास त्या पेटीला दोऱ्याने बांधलेला असे. मिठाई काका घरी नेत आणि काकू ती 'दिवाणजींची' म्हणून शेजारीपाजारी वाटत.

आता किल्ल्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरच घडलं.

काकांच्या घरी, दांडिया बाजारात, आजोबांपासूनची एक रीत आहे. दिवेलागणीला घरातल्या सगळ्या किल्ल्या एका पितळी पेटीत मोजून ठेवायच्या आणि सकाळीच काढायच्या. मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते तेव्हा काकूंनी माझ्यासमोर सात किल्ल्या मोजल्या. त्यातल्या तिघींची कुलपं कधीच गेली होती. मी म्हटलं, "काकू, मग त्या कशाला मोजायच्या?" तर काकू म्हणाल्या, "त्यांना काय वाटेल?" फ्लॅट चौथ्या मजल्यावरचा, लिफ्टवाला, खाली सिक्युरिटीवाला बसलेला, आणि आत हे चालू.

काकांनी ही रीत कारखान्यात आणली. रोज संध्याकाळी साडेसहाला त्यांनीच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चाले आणि कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाची परवानगी काढून घेई. सकाळी आठला परत देई. एचआरच्या यादीत ज्याला नंबर आहे आणि ज्याला कॉम्प्युटर आहे, तो माणूस. सगळ्यात आधी काका स्वतःची परवानगी काढून घेत. साडेसहानंतर कारखान्यात काकांचीही सत्ता चालत नसे, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. मग सहा पस्तीसला काकूंचा फोन येई.

"किल्ल्या मोजल्या?"

"मोजल्या. सगळ्या आत."

रोज. एकही दिवस चुकला नाही. काकू आजारी असल्या तरी अंथरुणातून फोन करत.

माझं डोकं लवकर तापतं, हे मी मान्य करते. एकदा साडेसहाला मी महत्त्वाच्या फाईलच्या शेवटच्या ओळीवर होते आणि माझी परवानगी गेली. मी काकांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, दोन मिनिटं द्या." ते म्हणाले, "उद्या आठ वाजता सहाशे तीस मिनिटं देतो." दुसऱ्या वेळी ड्रॉइंगचं फोल्डर उघडण्यासाठी मी केलेला अर्ज त्यांनी परत पाठवला. वर लाल पेनाने लिहिलं होतं, 'हक्क सांगू नये, कारण सांगावे.' मोठमोठे इंजिनियर त्यांच्या टेबलापाशी मान खाली घालून अर्ज लिहिताना मी पाहिले आहेत. आमच्या नेटवर्कच्या जिगरने एकदा वैतागून गुजरातीत लिहिलं, 'फोल्डर जोवुं छे, अडीश नहीं.' म्हणजे बघायचंय, शिवणार नाही. काकांनी त्यावर शेरा मारला, 'मंजूर. आदर्श अर्ज.' आणि तो काचेखाली लावला.

त्या लाल शेऱ्यानंतर रागाच्या भरात मी एक गोष्ट केली. मॅनेजर परेशभाईंच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, यापेक्षा सर्व्हर बाहेरच्या एजन्सीला चालवायला दिलेले बरे. बोलून टाकलं आणि विसरले. परेशभाई विसरले नाहीत.

त्या वर्षी दिवाणजींची बढती निघाली. म्हणजे त्यांची जुनी आवृत्ती आता चालणार नव्हती, नवीवर जायचं होतं. काकांना रिटायर व्हायला सव्वा वर्ष राहिलं होतं. बढतीचं काम मोठं, सहा-एक तासांचं, म्हणून रविवारी कारखाना बंद असताना करायचं ठरलं. सकाळी साठही कॉम्प्युटरांच्या प्रती काढून ठेवायच्या, आणि दुपारी बढतीला सुरुवात. काका, मी आणि जिगर.

पहिल्या रविवारी काकांनी टकटक करून दिवाणजींना सांगितलं, "आज तुमची बढती आहे, घाबरू नका." मग बटण दाबलं. दुपारभर टक्के चढत गेले. आम्ही आळीपाळीने चहा पीत होतो, काकूंनी दिलेला हिरवा चिवडा खात होतो. शहात्तर टक्क्यांपर्यंत गेलं. चहा पिऊन परत येऊन बघतो तर पडद्यावर लाल अक्षरं: परवानगी नाकारली.

"काका, आ तो अटकी गयुं!" जिगर ओरडला.

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर ज्यांनी परवानगी नाकारली त्यांना कोणीतरी परवानगी नाकारली होती. ते खुर्चीत नीट बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि अतिशय अदबीने पडद्याला म्हणाले, "का बरं?"

थोड्या वेळाने सगळं आपोआप मागे फिरलं, जुने दिवाणजी पुन्हा गादीवर बसले. सोमवारी सकाळी दहाला तपासलं. दिवाणजींना सगळ्या परवानग्या होत्या! एकूण एक. ज्या फोल्डरवरून अडलं होतं त्याचे मालकही दिवाणजीच. मी तीन वेळा पाहिलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या मदत-फोनवर एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "आपल्या खात्याला परवानगी आहे का, एकदा तपासून घ्या." मी तिला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा सगळं केलं. प्रती काढायला उशीर झाला, म्हणून चारच्या सुमाराला सुरुवात झाली. या वेळी चाळीस टक्क्यांवर अडलं. तीच लाल अक्षरं. सोमवारी तपासलं, तर पुन्हा परवानग्या सगळ्या जागच्या जागी. रविवारी नाही आणि सोमवारी आहे, असं हे दुखणं. एकदा शहात्तर, एकदा चाळीस, म्हणजे याला काही धरबंधच नाही, असं आम्ही तिघांनी एकमताने ठरवलं. आम्ही टक्के बघत होतो. घड्याळाकडे तिघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं, आणि आम्ही तिघं मिळून स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेत होतो.

मी विचारलं होतं, नाही असं नाही. "काका, तुमच्या साडेसहाच्या प्रोग्रामचा काही संबंध?"

काका हसले. "तो माणसांच्या किल्ल्या घेतो, बाई. सर्व्हरांच्या नाही. मीच लिहिलाय."

मंगळवारी परेशभाईंनी आम्हाला बोलावलं. "काका, आ छेल्लो रविवार," ते म्हणाले. हा शेवटचा. नाही जमलं तर सोमवारी सकाळी एजन्सीची माणसं येतील आणि सर्व्हर रूमचा ताबा घेतील. काकांनी उरलेलं सव्वा वर्ष स्टोअरमध्ये बसावं, तिथेही किल्ल्या असतात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेन, तमे ज कहेलुं ने?" तुम्हीच म्हणाला होतात ना?

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाहेर आल्यावर इतकंच विचारलं, "अर्ज लिहून दिला होता, की तोंडी?"

"तोंडी," मी म्हटलं.

"मग तो धरायचा नसतो," काका म्हणाले आणि सर्व्हर रूमची कडी ब्रासोने पुसायला गेले. ती चकचकीतच होती. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले, आणि माफी मागायची हिंमत काही मला झाली नाही.

त्या आठवड्यात गरब्याचे पास आले आणि कॉम्प्युटरवाल्या स्टाफला ते वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बडोद्यात गरब्याचा पास ही काय चीज आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. पगार एक दिवस उशिरा झाला तर माणूस ऐकून घेतो, पास उशिरा मिळाला तर दाराशी येऊन बसतो. मी प्रत्येकाची सही घेऊन चाळीस पास वाटले. उरलेला एक, फोटोत काळी पेटी असलेला, काकांच्या टेबलावर ठेवला.

तिसरा रविवार उजाडला. अडीचला बटण दाबलं. काका चिवड्याला शिवले नाहीत. वीस, चाळीस, साठ. मी मनातल्या मनात गणपतीला नवस बोलत होते आणि काकांच्या सवयीने तोही कारणासकट बोलत होते. एकाहत्तर टक्के. आणि लाल अक्षरं.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न लावता हातात धरून ठेवला. पडद्यावर खाली एक बटण होतं, 'पुन्हा प्रयत्न करा', आणि बाजूला दोन तासांची मुदत उलटी धावत होती. ती संपली की सगळं आपोआप मागे फिरणार होतं. बटण दाबलं, पुन्हा नकार. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकू.

"मोजल्या," काका कोरड्या आवाजात म्हणाले. "हो, सगळ्या आत. एक्केचाळीस."

रोज ते फक्त 'सगळ्या आत' म्हणत. त्या दिवशी बिचाऱ्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हणून आकडा तोंडातून गेला. मी सहज विचार केला, एक्केचाळीस? परवा तर मी चाळीस पास वाटले. चाळीस माणसं, चाळीस सह्या. मग एक्केचाळिसावा पास...

"काका!" मी किंचाळले. "एक्केचाळिसावी किल्ली कोणाची?"

काकांनी चष्मा लावला. घड्याळाकडे पाहिलं. सहा पस्तीस. टेबलावरच्या पासाकडे पाहिलं. आणि हळूहळू, अगदी हळूहळू, त्यांचा हात कपाळाकडे गेला.

एम्प्लॉयी नंबर! रोज साडेसहाला काकांचा प्रोग्राम एचआरच्या यादीतल्या सगळ्या माणसांची परवानगी काढून घेत होता, आणि यादीत एक माणूस दिवाणजी नावाचा होता. एरवी रात्री दिवाणजींना नवं असं काही करायचं नसे, नुसतं बसून राहायचं, म्हणून ते कधी बोलले नाहीत. सकाळी आठला परवानगी परत मिळे आणि आम्ही दहाला तपासून म्हणत असू, आहे की! बढतीच्या मधोमध आम्हीच त्यांचे हात बांधत होतो. एकदा नाही, तीन रविवार.

जिगर जमिनीवर बसून हसायला लागला. मीही हसले असते, पण काकांनी पुढचं वाक्य उच्चारलं. "आता परवानगी परत कोण देणार?"

काकांची स्वतःची साडेसहाला गेलेली. माझी गेलेली, जिगरची गेलेली. सगळ्यांची सकाळी आठला परत येणार. मुदत दोन तासांची. मागे फिरलं तर सोमवारी एजन्सी दारात.

"एक आहे," काका म्हणाले. "जादा किल्ली. कशालाही न अडणाऱ्या खात्याचा पासवर्ड. पाकिटात बंद करून ठेवलाय."

"कुठे?"

"घरी. पितळी पेटीत."

"मग काकूंना फोन करून वाचून दाखवायला सांगा!"

"किल्ली फोनवरून द्यायची नसते, बाई. आणि दिवे लागल्यावर पेटी उघडायची नसते."

मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावलाच. परवानगी मागितली नाही, आयुष्यात पहिल्यांदा. काकूंना लावला आणि म्हटलं, "काकू, दिवाणजी अडकलेत. पेटी उघडावी लागेल."

"कोण, आपले दिवाणजी? मिठाईवाले?" काकू घाबरल्या. "पण अगं, दिवे लागले की! पेटी कशी उघडू?" मग म्हणाल्या, "उघडत नाही. पेटीच घेऊन येते. तिथे काय ते ठरवू."

पाऊण तास आम्ही तिघं उलटी धावणारी मुदत बघत बसलो. मग गेटवरून फोन आला. काकू रिक्षातून उतरल्या होत्या, मांडीवर धरून आणलेली पेटी पदराखाली झाकून, आणि रविवारी पासाशिवाय आत सोडायचं नाही असा नियम असल्यामुळे वॉचमनने त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवलं होतं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात काकूंनी लिहिलं, दिवाणजी. वॉचमनने कंपनीची यादी काढली. नाव होतं, नंबर होता. "जाओ बा," तो म्हणाला. आमच्या कारखान्यात दिवाणजींना भेटायला आलेल्या त्या पहिल्या आणि शेवटच्या पाहुण्या.

काकू सर्व्हर रूमच्या दाराशी आल्या, चपला बाहेर काढल्या, टकटक केली आणि आत डोकावल्या. "कुठेत ते?"

"ते असे दिसत नाहीत," काका म्हणाले.

"इतकी वर्षं मिठाई खाल्ली त्यांची, एकदा दिसायला काय हरकत होती?" काकू म्हणाल्या, आणि तरीही त्यांनी चार पेट्यांना नमस्कार केला.

मग खरी अडचण सुरू झाली. पितळी पेटी टेबलावर, घड्याळात मुदतीचा तास उरलेला, आणि काका हात मागे बांधून उभे. उघडायला तयार नाहीत. तीन पिढ्यांत दिवे लागल्यावर ती पेटी उघडलेली नाही. आजोबांनी उघडली नाही, वडिलांनी उघडली नाही. "स्टोअरमध्ये बसेन," ते म्हणाले, "पण..." त्यांचे डोळे भरून आले होते. ती खोली म्हणजे त्यांचा जीव होता, आणि ती राखायची तर सगळ्या आयुष्याचा नियम मोडायचा होता. माझ्याच तोंडी अर्जामुळे हे सगळं, असं मनात येऊन मीही जागच्या जागी अडकले.

काकू मात्र अडकल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. "अहो, आजेसासरे दिवेलागणीला किल्ल्या कोणाच्या मोजून घ्यायचे?"

"नोकरमाणसांच्या. सगळ्यांच्या."

"आजेसासूबाईंच्या कमरेची?"

काका पेटीकडे बघायला लागले.

"सांगा ना. त्यांची कधी घेतली?"

"नाही," काका म्हणाले. "ती घरातली."

"मग दिवाणजी कोण आहेत? त्यांचा वाढदिवस तुम्ही करता, त्यांच्या नावाचे पेढे मी अख्ख्या मजल्यावर वाटते, दसऱ्याला त्यांना हळदकुंकू तुम्ही लावता, आणि संध्याकाळ झाली की त्यांचीच किल्ली काढून घेता? मला तर ऐकूनच कसंतरी झालं. लाज नाही वाटत?"

काकांनी मागे बांधलेले हात सोडले. मग सर्व्हर रूमच्या उघड्या दारावर त्यांनी टकटक केली आणि म्हणाले, "दिवाणजी, चुकलो." आणि पेटी उघडली.

पासवर्ड भलामोठा होता. काकांनी एका बोटाने टाइप केला, काकू मागून प्रत्येक अक्षर मोजत होत्या. दिवाणजींना त्यांची परवानगी मिळाली. काकांनी 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं. एकाहत्तर. बहात्तर. जिगर धावत जाऊन कोपऱ्यावरून सेव-उसळ घेऊन आला, आणि आम्ही चौघं तिथे, सर्व्हर रूमच्या दाराबाहेर जमिनीवर बसून, टक्के बघत जेवलो. शंभर झाले तेव्हा काकूंनी एक सेव-उसळीची वाटी दाराच्या आत सरकवली. ती नंतर जिगरने खाल्ली.

सोमवारी सकाळी काकांनी परेशभाईंना हाताने लिहिलेला कबुलीजबाब दिला. चूक माझी, प्रोग्राम माझा, नंबरही मीच मागितला होता. खाली लिहिलं होतं, 'माफ होण्याची परवानगी असावी.' परेशभाईंनी दोनदा वाचला, हसू दाबलं आणि लिहिलं, 'मंजूर.' एजन्सीची दोन माणसं आली होती, ती म्हणाली, आलोच आहोत तर सर्व्हर रूम नुसती बघून जातो. काकांनी त्यांच्यापुढे कोरे कागद ठेवले. दुसऱ्या कागदानंतर ती निघून गेली.

काकांनी पुढचं सव्वा वर्ष पूर्वीसारखंच काढलं. टकटक, लाल पेन, साडेसहा. मी साडेसहाच्या पाच मिनिटं आधीच कॉम्प्युटर बंद करून पिशवी भरायला शिकले होते, त्यामुळे आमची भांडणंही कमी झाली. फरक एकच. फोनवर काका आता रोज आकडा सांगत. "मोजल्या. एकोणचाळीस." दिवाणजी सुटले म्हणजे चाळीस व्हायला हवेत, पण कोणीतरी नोकरी सोडली असेल असं मला वाटलं. नाहीतर काकांचं वय झालं असेल.

मी माफी मात्र शेवटपर्यंत मागितली नाही. रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. निरोपसमारंभाला परेशभाई बोलले, जिगर रडला, काकांनी भाषण करायला सगळ्यांची परवानगी मागितली आणि मिळाल्यावर "आभारी आहे" एवढंच बोलून बसले. स्वेटर खिळ्यावरच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला प्रोग्राम चालला. आता मोजायचं काम माझं. पडद्यावर आकडा आला: अडतीस. मी बोटांवर हिशेब केला. एक्केचाळीस, वजा दिवाणजी, वजा काका, एकोणचाळीस. एक किल्ली कमी! पहिल्याच दिवशी! मी तडक एचआरला फोन लावून त्यांच्यावर ओरडले. ते म्हणाले, यादी बरोबर आहे, कोणी नोकरी सोडलेली नाही. मग मी काकांचा प्रोग्राम उघडायला गेले आणि तो उघडला. साडेसहा वाजून गेले होते आणि तो मला उघडू देत होता, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

आत वरच काकांनी एक छोटी यादी केली होती. शीर्षक होतं, 'घरातली माणसे. यांच्या किल्ल्या घेऊ नयेत.' तारीख त्या तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाची. खाली दोन नावं होती. दिवाणजी, आणि मी. काकांचं स्वतःचं नाव नव्हतं. त्यांची किल्ली शेवटच्या दिवसापर्यंत रोज साडेसहाला जात होती, आणि माझी सव्वा वर्ष माझ्याकडेच होती. मला कळलंही नाही, कारण मी पिशवी भरत होते.

मी रडले. ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, नाक पुसायला काही न मिळाल्यामुळे ते काकांच्या स्वेटरला पुसत.

सहा पस्तीसला फोन वाजला. काका होते.

"किल्ल्या मोजल्या?"

"मोजल्या," मी म्हटलं. "अडतीस."

"बरोबर," काका म्हणाले. मग फोन बाजूला धरून त्यांनी आत ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "अगं, मोजल्या गं आपल्या पोरीने!"